‘एकच ॲप सांगा, म्हणजे सुटले!’

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका चव्वेचाळीस वर्षांच्या आहेत. एका संस्थेत नव्याने रुजू होणाऱ्यांना प्रशिक्षण देणं हे त्यांचं काम. अलीकडे वरिष्ठ त्यांना म्हणाले, “तुमच्या स्लाइड्स जरा जुन्या वाटतात.” शेजारचा तरुण सहकारी मात्र हलत्या-डुलत्या, रंगीबेरंगी सादरीकरणांवर वाहवा मिळवतोय. त्यांनी डेटा ॲनालिसिसही शिकायला घेतलंय. चार ऑनलाइन कोर्स सुरू केले, चारही अर्धवट. वाचायला आणि वापरायला म्हणून जमवलेलं सगळं चहूकडे विखुरलेलं आहे: ब्राउझरमधले बुकमार्क, फोनमधले स्क्रीनशॉट, स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, नोट्सची दोन ॲप्स. दर काही महिन्यांनी नवं ॲप घ्यायचं, चार दिवस हौसेने आवराआवर करायची, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्यांचा प्रश्न: “सादरीकरण, अभ्यास आणि साठवण, तिन्ही होईल असं एकच साधन सांगा, जे पुन्हा बदलावं लागणार नाही. एका ॲपच्या वार्षिक वर्गणीवरची सवलत चार दिवसांत संपतेय, घेऊ का?” ता. क. : “सहकारी म्हणतो, सगळं एआयला देऊन टाका, तो सारांश काढेल, वाचत कशाला बसता? हे खरं का?”

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रात सहा ॲप्सची नावं आली आहेत. त्यांचे गुणदोषही तुम्ही छान मांडलेत. पण त्यांत साठवलेल्या माहितीचं पुढे काय करायचं होतं, ते मात्र कुठेच सापडलं नाही. तुमच्या अडचणीचं मूळ तिथे असावं असं मला वाटतं, पण आधी ‘पुन्हा बदलावं लागणार नाही’ या अपेक्षेचा निकाल लावू या.

अशी हमी मोठ्यात मोठी कंपनीही देऊ शकत नाही. गूगल रीडर २००५ साली आलं, वेबवरचं लेखन एका जागी वाचायला लोक त्यावर विसंबले, आणि १ जुलै २०१३ रोजी ते बंद झालं. डिलिशसने २००३ मध्ये बुकमार्क ऑनलाइन ठेवायची आणि चारचौघांना दाखवायची सोय केली. पुढे ती सेवा एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली आणि २०१७ मध्ये एका छोट्या प्रतिस्पर्ध्याने, पिनबोर्डने, ती विकत घेतली. ‘नंतर वाचू’ म्हणून लेख बाजूला ठेवायचं पॉकेट २००७ पासून होतं. ८ जुलै २०२५ रोजी त्याचाही गाशा गुंडाळला गेला. नोट्स ठेवायचं एव्हरनोट सुरू आहे, पण डिसेंबर २०२३ पासून फुकट वापरणाऱ्याला पन्नास नोट्स आणि एक वही, एवढ्यावर भागवावं लागतं. यातली कुठलीही सेवा निवडणारा माणूस त्या दिवशी चुकला होता असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी ती चांगलीच होती.

तेव्हा ‘कुठलं टिकेल?’ हा प्रश्न सोडा. ‘निघायची वेळ आली तर माझं सामान बरोबर नेता येईल का?’ हे विचारा. याचं उत्तर मिळायला दहा वर्षं थांबावं लागत नाही, ते पहिल्याच दिवशी मिळतं. नव्या ॲपमध्ये दहाएक नोट्स टाका. एकीत फोटो असू दे, एकीत तक्ता, एकीत दुवे, एखादी निव्वळ मराठीत. मग सेटिंग्जमध्ये ‘एक्स्पोर्ट’ शोधा आणि जे हाती पडेल ते त्या ॲपशिवाय, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये किंवा ब्राउझरमध्ये उघडून पाहा. मराठी अक्षरं नीट दिसतायत? तारखा आल्या? फोटो आले, की नुसती त्यांची नावं आली? एक्स्पोर्टचं बटण शोधायलाच अर्धा तास लागला, तर तेही एक उत्तरच आहे. ऑब्सिडियनसारखी ॲप्स नोट्स तुमच्याच संगणकावर साध्या मार्कडाउन फायलींत (म्हणजे कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडणाऱ्या मजकुराच्या फायलींत) ठेवतात. तिथे निघताना काही काढून घ्यावंच लागत नाही, पण बॅकअपची जबाबदारी तुमच्या डोक्यावर येते. नोशनसारखी ॲप्स सगळं आपल्या सर्व्हरवर ठेवतात. चौघांनी मिळून काम करायला ती सोयीची, मागितलं तर मजकूर बाहेरही काढून देतात, मात्र तिथली मांडणी आणि तक्त्यांमधले परस्परसंबंध जसेच्या तसे बरोबर येत नाहीत. तुम्ही एकट्याच्या टिपणांसाठी विचारताय, म्हणून माझा कल पहिल्या प्रकाराकडे आहे. अख्ख्या विभागाने मिळून वापरायचं असतं तर उलट सांगितलं असतं.

आता ‘एकच साधन’. तुमची तिन्ही कामं वेगवेगळ्या माणसांसाठी आहेत. सादरीकरण समोर बसलेल्यांसाठी, साठवण सहा महिन्यांनी शोधाशोध करणाऱ्या तुमच्यासाठी, आणि अभ्यास आजच्या तुमच्यात बदल व्हावा म्हणून. ही तिन्ही एकाच खिडकीत आली की एक काम दुसऱ्याचं सोंग घेतं. लेख साठवला की वाचल्यासारखं वाटतं, नोट्सना रंग दिले की अभ्यास झाल्यासारखा वाटतो, टेम्प्लेट बदलला की भाषणाची तयारी झाली असं वाटतं. दर काही महिन्यांनी तुम्ही जी आवराआवर करता, ती मला याच जातीची वाटते. त्यात आळस मुळीच नाही. उलट तुम्ही भरपूर मेहनत घेताय, पण ती सामान हलवण्यात जातेय.

याचा सगळ्यात मोठा फटका अभ्यासाला बसतो, म्हणून तिथे जरा थांबते. तुम्ही लिहिलंय की कोर्समधल्या नोट्स तुम्ही तीन रंगांत हायलाइट करता आणि परीक्षेआधी पुन्हा वाचता. मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा रूढ पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. हायलाइट करणं आणि पुन्हा वाचणं या दोन्ही लाडक्या पद्धती त्यात सर्वांत कमी उपयोगाच्या गटात गेल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरवणं, या दोन वरच्या गटात आल्या. त्याआधी २००६ मध्ये रॉडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचणं फसवं असतं ते यामुळेच: त्याचं फळ लगेच दिसतं आणि लगेच विरतं.

याचा तुमच्या ॲपशी संबंध असा, की अभ्यासाचं साधन जितकं सगळं सोपं करून देईल तितकं ते चांगलं, हे आपण धरून चालतो. इथे मला शंका आहे. माहिती शोधणं सोपं व्हावं हे ठीकच, पण आठवण्याचा ताणही ॲपने काढून घेतला तर शिकायचं काय उरलं? म्हणून व्हिडिओचा एक भाग संपला की खिडकी बंद करा आणि कोऱ्या पानावर पाच ओळी लिहा: यात काय सांगितलं, आणि कुठे मला कळलं नाही. मग पुन्हा उघडून पडताळा. वही चालेल, साधं नोटपॅड चालेल. हाताने लिहावं की टाइप करावं यावर बराच वाद आहे. २०१४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात हाताने लिहिणारे सरस ठरले होते, पण नंतर तोच प्रयोग इतरांनी केला तेव्हा तितका ठाम निकाल मिळाला नाही. तेव्हा पेन की कीबोर्ड यावर रात्री घालवू नका. वक्त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेणं मात्र दोन्हीकडे टाळा.

सूत्रं, संज्ञा, फंक्शनची नावं अशा सुट्या गोष्टी लक्षात ठेवायच्या असतील तर ‘अंकी’ (Anki) हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं ॲप बघा. २००६ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, दिसायला रुक्ष आहे, आणि विसरायच्या बेतात असलेला प्रश्न बरोबर त्या सुमारास पुन्हा पुढे टाकतं. आपण किती झपाट्याने विसरतो हे हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. अंकी त्याच्यावरचा उतारा आहे, पण त्यात सगळं कोंबू नका. दिवसाला पाचसात नव्या कार्डांपलीकडे गेलात तर पंधरवड्यात थकबाकी साचेल आणि तुम्ही आणखी एक ॲप शोधायला निघाल. शिवाय डेटा ॲनालिसिस कार्डांनी येत नाही. तुमच्याच प्रशिक्षणवर्गांची हजेरी आणि गुण यांचा तक्ता घ्या, नावं काढून टाका, आणि ‘कुठल्या सत्रानंतर लोक गळतात?’ असा एखादा प्रश्न त्या तक्त्याला विचारा. अडाल तिथे कोर्समधला तेवढाच धडा बघा. चारपैकी तीन कोर्स आजच सोडून द्या. ते पूर्ण करण्याचं तुम्ही कुणालाही वचन दिलेलं नाही.

साठवणीकडे वळते. तुमचा बेत विषयवार फोल्डर, त्यात उपफोल्डर, त्यावर टॅग असा आहे. आराखडा सुबक आहे आणि तो मोडणार आहे, कारण प्रत्येक लेख दोन-तीन खणांत बसू शकतो आणि त्याचा खण ठरवताना तुम्ही दमून जाल. २०११ मध्ये संशोधक स्टीव्ह व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी ३४५ जणांच्या ईमेल वापराचा अभ्यास केला. फोल्डर लावून ठेवणाऱ्यांना जुनी मेल शोधण्यात जास्त यश मिळत नव्हतं, उलट फोल्डरमधून शोधायला वेळच जास्त लागत होता. शोध-खिडकीत शब्द टाकणारे लवकर सुटत होते. ईमेल आणि नोट्स अगदी एकसारख्या नसतात हे मान्य, तरी इशारा घेण्यासारखा आहे.

पण शोध लागायचा तर शोधण्यासारखं काहीतरी लिहून ठेवलेलं हवं. दुवा साठवताना वर एक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहा: हे का ठेवलं आणि कुठे वापरणार. “जूनच्या वर्गात तक्रार-निवारण शिकवताना पहिलं उदाहरण म्हणून.” ही ओळ सुचत नसेल तर तो दुवा ठेवूच नका, एवढ्या एका चाळणीने निम्मा कचरा दारातच थांबतो. मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. आपण एकदा ‘प्रशिक्षण’ लिहितो, एकदा ‘ट्रेनिंग’. घाईत ‘माहिती’ची ‘माहीती’ होते, आणि साधा शोध हे वेगळे शब्द समजतो. त्या एका ओळीत दोन्ही शब्द टाकून ठेवा. स्क्रीनशॉट तर शोधाच्या दृष्टीने मुकेच. काही फोन चित्रातली अक्षरं ओळखतात, पण देवनागरी दरवेळी बरोबर ओळखतील या भरवशावर राहू नका. फायलींची नावं वर्ष-महिना-दिवस अशी सुरू केलीत तर त्या आपोआप क्रमाने लागतात. त्यासाठी कुठलंही ॲप लागत नाही.

नुसत्या दुव्यावरही विसंबू नका. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये पाहिलं, तर २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. जे खरोखर लागणार आहे त्याची पीडीएफ करून ठेवा किंवा मजकूरच नोटमध्ये घ्या, मूळ पत्ता आणि तारखेसकट. पान सार्वजनिक असेल तर जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची प्रत जतन करायला सांगता येते. तुमच्यासारखंच पत्र एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर मी इतकं पाल्हाळ न लावता झोटेरो सुचवलं असतं. ते विनामूल्य आहे, लेख आणि त्यांचे संदर्भ एकत्र ठेवतं आणि शेवटी संदर्भसूचीही करून देतं. तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

मग आजवर साचलेल्या ढिगाचं काय? काही नाही. ‘जुनं’ नावाचा एक फोल्डर करा, त्यावर आजची तारीख घाला, सगळे बुकमार्क आणि नोट्स त्यात ढकला आणि बंद करा. लावत बसू नका. माळ्यावर टाकलेल्या सामानासारखं ते तिथे असू दे. लागलं तर चढून काढाल. आजपासूनचं तेवढं एका जागी ठेवायचं. स्वतःला व्हॉट्सॲप करायची सवय सुटणार नसेल तर सोडू नका, फक्त आठवड्यातून एकदा तिथलं उपसून कामाचं तेवढं इकडे आणा. आणि संस्थेची कागदपत्रं खासगी खात्यात ठेवू नका. तुमच्या पत्रावरून ती सरमिसळ झालेली दिसते. उद्या खातं अडकलं किंवा तुम्ही नोकरी बदललीत तर दोन्ही बाजूंनी पंचाईत होईल.

स्लाइड्सबद्दल मला तुमच्या वरिष्ठांना एक प्रश्न विचारावासा वाटतो, पण तो तुम्हीच विचारा: “जुन्या म्हणजे नक्की काय?” रंग? अक्षरं बारीक आहेत? उदाहरणं दहा वर्षांपूर्वीची आहेत? की एका स्लाइडवर फार मजकूर आहे? यातल्या फक्त पहिल्याचा संबंध टेम्प्लेटशी आहे. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर आलं तेव्हापासून कंटाळवाण्या स्लाइड्स आणि लखलखीत निरर्थक स्लाइड्स दोन्ही त्याच सॉफ्टवेअरमध्ये होत आल्या आहेत. कल्पना चावला ज्या यानात होत्या त्या कोलंबियाच्या २००३ च्या दुर्घटनेनंतर चौकशी मंडळाने, यान अवकाशात असताना अधिकाऱ्यांपुढे ठेवलेल्या एका स्लाइडवर खास टिप्पणी केली. यानाच्या पंखावर आदळलेल्या तुकड्याबद्दलची चिंता तिच्यात खालच्या बारीक ओळींत गाडली गेली होती, आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हा जिवाशी खेळ आहे हे कळणं कठीण होतं. तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड्स वापरण्याच्या सवयीवरच मंडळाने बोट ठेवलं.

तुमच्या वर्गात इतकं काही पणाला लागलेलं नसेल, पण चूक त्याच घराण्यातली असू शकते: एकच फाइल पडद्यावर दाखवायचीही आणि नंतर वाचायला वाटायचीही. त्यामुळे ती धड दोन्ही होत नाही. दोन वेगळ्या करा. पडद्यावर चित्र, आलेख, एखादं वाक्य. तपशील दोन पानांच्या टिपणात, वर्ग संपल्यावर हातात. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून एक गोष्ट वारंवार दिसली आहे: आकृती समजावताना बोललेलंच पुन्हा अक्षरांत पडद्यावर दाखवलं तर शिकणाऱ्याला मदत होण्याऐवजी अडथळा होतो. सहकाऱ्याच्या हालचाली-ॲनिमेशनचंही तसंच. प्रक्रियेचा एक टप्पा दुसऱ्यातून कसा निघतो हे हालचालीने दिसत असेल तर जरूर वापरा, शीर्षक गिरक्या घेत येण्याने कुणाच्या ज्ञानात भर पडत नाही. (त्या सहकाऱ्याला मात्र एक वर्ग एकत्र घेऊ या म्हणून विचाराच. त्याच्याकडे नजर आहे, तुमच्याकडे प्रश्नांना तोंड द्यायचा अनुभव आहे.)

साधन म्हणाल तर पॉवरपॉइंट, गूगल स्लाइड्स, लिबरऑफिसचं इम्प्रेस, कॅनव्हा, यातलं कुठलंही चालेल. निवड वर्ग जिथे घेणार त्या खोलीवरून करा: तिथे इंटरनेट भरवशाचं आहे का, संगणक कुणाचा असणार, तुमच्यानंतर फाइल कोण सुधारणार. नेट डळमळीत असेल तर ब्राउझरवर चालणारं साधन एकटं नेऊ नका, पीडीएफ जवळ ठेवा. मराठी स्लाइडसाठी युनिकोड फॉन्टच वापरा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांचा सडा पडतो. शिवाय इंग्रजीसाठी बेतलेल्या टेम्प्लेटमध्ये ओळींमधलं अंतर कमी असतं. वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. ते अंतर थोडं वाढवा. ‘जुन्या वाटतात’ मधला काही भाग तेवढ्यानेच निघून जाईल असा माझा अंदाज आहे.

तुमच्या सहकाऱ्याचं एआयबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गूगलच्या नोटबुकएलएमसारखी एआय साधनं तुम्ही दिलेल्या कागदपत्रांवरून उत्तरं देतात आणि उत्तर कुठल्या उताऱ्यातून आलं तेही दाखवतात. चाळीस लेखांपैकी कुठले चार वाचायचे हे ठरवायला, किंवा धड्यावर दहा प्रश्न काढून घ्यायला ती उत्तम. तो उतारा उघडून बघायचे कष्ट मात्र घ्या, कारण चुकीचं वाक्यही ही साधनं तितक्याच ऐटीत लिहितात. अभ्यासाचा सारांश त्यांच्याकडून करून घेतलात तर आठवायचा व्यायाम त्यांचा झाला, तुमचा नाही. आधी स्वतःच्या पाच ओळी लिहा आणि मग काय निसटलं ते त्यांना विचारा. प्रशिक्षणार्थींची नावं, गुण, तक्रारी यांतलं काहीही संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय तिथे चढवू नका.

राहिली वर्गणी. घेऊ नका. आधी एक्स्पोर्टची ती दहा नोट्सची परीक्षा फुकटच्या खात्यावर घ्या. पास झालं तर दोन महिने मासिक दराने वापरा, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. त्या दोन महिन्यांत साठवलेल्यांपैकी निदान दहा गोष्टी खरोखर एखाद्या वर्गात किंवा कामात वापरल्या गेल्या, तर वर्षाचे पैसे भरा. तोवर सवलत गेलेली असेल. अशा सवलती पुन्हा पुन्हा येतच असतात.